गोल्डन किंग क्रॅब: स्वस्त का, पोकळ का, आणि कालवण होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या एका मराठी घरात ‘गोल्डन किंग क्रॅब’चे गोठवलेले पाय आणले. लाल किंग क्रॅबपेक्षा बरेच स्वस्त पडले. फोडले तेव्हा काही पाय गच्च भरलेले निघाले, तर काही अर्धे पोकळ. मग शंका आल्या: हा खरा किंग क्रॅब आहे की दुसरंच काही? खोल समुद्रातला म्हणतात, तर धरतात कसा? एकाच खोक्यात इतका फरक का? आणि आपल्या पद्धतीचं कालवण याचं होतं का?

उत्तरं चार असली तरी मूळ एकच आहे: हा खेकडा किती खोल राहतो ते. ती खोली लक्षात आली की किंमत, पोकळ पाय, अगदी रश्श्यात तो कधी घालायचा इथपर्यंतच्या गोष्टी उलगडतात.

आधी नावाचा गोंधळ. आपल्याकडे जीवशास्त्राच्या पुस्तकात ‘किंग क्रॅब’ म्हणजे लिम्युलस, म्हणजेच घोड्याच्या नालेच्या आकाराचं ते ‘जिवंत जीवाश्म’. ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर त्याचे भाऊबंद सापडतात. त्याचा या विषयाशी संबंध नाही. तो खेकडाच नव्हे, नात्याने तो कोळी-विंचवांना जवळचा. अलास्काचा किंग क्रॅब लिथोडिडी कुळातला. गंमत म्हणजे तोही काटेकोर अर्थाने खेकडा नाही. शंखात घर करून राहणाऱ्या मऊ पोटाच्या हर्मिट क्रॅबपासून तो उत्क्रांत झाला, आणि १९९२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासाने त्याला बळकटी दिली. खूण घरीही पटेल. चिंबोरीचे पाय मोजा: नांग्या सोडून चार जोड्या. किंग क्रॅबचे मोजा: नांग्या सोडून तीनच. चौथी जोडी असते, पण इवलीशी. ती कवचाखाली कल्ल्यांच्या पोकळीत दडलेली असते आणि ब्रशासारखी कल्ले साफ करत राहते. मादीचं पोट उलटं करून पाहिलं तर ते एका बाजूला वळलेलं दिसतं. वळणाच्या शंखात बसणाऱ्या पूर्वजाची ती आठवण.

गोल्डन किंग क्रॅबचं शास्त्रीय नाव लिथोडीस इक्विस्पायनस. जेम्स बेनेडिक्ट यांनी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. लाल आणि निळा हे पॅरालिथोडीस या वेगळ्या प्रजातीगटातले. म्हणजे गोल्डन हा लाल किंग क्रॅबचा ‘हलका माल’ नव्हे; किंग क्रॅब तो खराच, पण प्राणी वेगळा. जपानपासून ओखोत्स्क समुद्र, बेरिंग समुद्र, अल्यूशियन बेटांची रांग, अलास्काचा आग्नेय किनारा आणि खाली ब्रिटिश कोलंबियापर्यंत तो पसरलेला आहे. अख्खा खेकडा समोर असेल तर पाठीच्या मधोमध असलेल्या भागावरचे मोठे काटे मोजायचे: लाल असेल तर सहा, निळा असेल तर चार, गोल्डन असेल तर पाच ते नऊ. तोंडावरची चोच लालची साधी टोकदार, गोल्डनची लांब आणि काट्यांनी फाटे फुटलेली. दुकानात मात्र पाठ येत नाही, नुसते पाय येतात. तिथे रंग पाहा. शिजलेल्या लाल किंग क्रॅबचा पाय वरून गडद तांबडा आणि खालून मलईसारखा पांढरट असतो. गोल्डनचा पाय वरखाली बराचसा एकसारखा नारिंगी दिसतो.

आता खोली. लाल किंग क्रॅब तुलनेने उथळ, मंद उताराच्या तळावर राहतो. गोल्डन साधारण २०० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात. अल्यूशियनमध्ये सापळे टाकले जातात ते सरासरी ३०० मीटरच्या आसपास, म्हणजे तिथल्या बोलीत दीडशे-पावणेदोनशे फॅदम. आपल्या कोळ्यांची वाव ती हीच. १७० वाव पाण्याखाली उभे कडे, खडक, दऱ्या आणि बेटांमधल्या खिंडींतून सुसाट जाणारे प्रवाह आहेत. पाणी तीन ते पाच अंश सेल्सियस, उन्हाळा-हिवाळा जवळपास सारखंच.

या ‘सारखंच’मध्ये बरंच काही दडलेलं आहे. लाल किंग क्रॅबला ऋतू असतात. वसंतात अंडी फुटतात, पिल्लं पाण्यात तरंगतात आणि त्याच वेळी फुललेलं सूक्ष्म प्लवक खातात. ती वेळ चुकली तर पिढी गेली, म्हणून सगळ्या माद्या जवळजवळ एकाच वेळी अंडी धरतात. गोल्डनच्या खोलीवर वसंत पोचतच नाही, आणि प्लवकाचा बहार तर दूरच. तिथे निसर्गाने वेगळा हिशेब मांडला. अंडी कमी पण मोठी. लाल मादीची अंडी लाखांत जातात, गोल्डनची साधारण दहा ते तीस हजार. पण प्रत्येक अंडं दोन मिलिमीटरहून मोठं आणि बलकाने भरलेलं. पिल्लू बाहेर पडलं की ते काही खात नाही. बरोबर आणलेल्या शिदोरीवर बालपण काढतं आणि तळाच्या आसपासच राहतं. अंडी धरणं, ती फुटणं, मग काही महिने मादी रिकामी, पुन्हा कात टाकून नवा विणीचा फेरा: हे चक्र वर्षात बसत नाही, वीस महिन्यांच्या घरात जातं. आणि सगळ्या माद्यांचं एकाच वेळी नसतं. कुठल्याही महिन्यात सापळा वर काढा, त्यात ताज्या अंड्यांची, आत पिल्लांचे डोळे दिसू लागलेल्या अंड्यांची आणि रिकाम्या पोटाची अशा तिन्ही माद्या दिसतील.

तुमच्या खोक्यातल्या पोकळ पायांचं उत्तर इथेच आहे. खेकडा वाढतो तो कात टाकून. जुनं कवच सोडलं की आतलं मऊ शरीर पाणी शोषून फुगतं, नवं कवच मोठ्या मापाचं घट्ट होतं आणि मग ते माप मांसाने भरायला महिने लागतात. गोल्डनचा मोठा नर एका कातीत पाठीच्या लांबीत साधारण १४-१५ मिलिमीटर वाढतो, आणि मोठा झाला की दरवर्षी कात टाकतोच असं नाही. कात नुकतीच टाकलेली असेल तर पाय बाहेरून भरदार, आत पाणी. आपल्याकडे ‘पौर्णिमेची चिंबोरी पोकळ, अमावस्येची भरलेली’ म्हणतात. इथे तसा पंचांगाचा आधार नाही. लाल किंग क्रॅबचा हंगाम कातीचा काळ टाळून ठेवता येतो, म्हणून त्याचा माल बराच एकसारखा भरलेला मिळतो. गोल्डनमध्ये कातीची वेळ विखुरलेली, त्यामुळे एकाच सापळ्यात वर्षाचं जुनं कवच आणि महिन्याचं नवं कवच शेजारी शेजारी बसलेलं असतं. पुढे दोघे एकाच खोक्यात जातात.

म्हणून खरेदी करताना डोळ्यांना जे छान दिसतं त्याच्या उलट निवडायचं. स्वच्छ, चकचकीत, काट्यांची टोकं सुईसारखी तीक्ष्ण, एकही ओरखडा नाही असा पाय म्हणजे नवं कवच, आणि आत मांस कमी असण्याची शक्यता मोठी. काटे घासून बोथट झालेले, कवचावर तपकिरी-काळे चरे, कुठे बार्नकलची (खडकांना चिकटून राहणाऱ्या बारीक कवचधारी जिवाची) खपली चिकटलेली असा कळकट पाय घ्या. तो भरलेला असतो. दुसरी खूण खांद्याची. किंग क्रॅबचे पाय सुटे न विकता बहुधा अर्ध्या शरीराच्या तुकड्यासकट विकतात; त्यात एक नांगी आणि तीन पाय असतात. पाय जिथे जोडलेले असतात त्या खांद्याच्या कापावर पाहा. पांढरं मांस खणांत ठासून भरलेलं दिसलं तर पायही भरलेले. तिथेच मांस आक्रसून भिंतीपासून सुटलेलं असेल तर पुढे पोकळच. तिसरी, वितळल्यावरची: पायाचं सर्वांत जाड पेर खालच्या बाजूने अंगठ्याने दाबा. दबला की आत हवा आणि पाणी. दर्यावर्दी आणि कारखान्यातले लोकही हेच पेर दाबून माल पारखतात.

किंमत कमी असण्याची कारणंही यातूनच येतात. भराव कमी-जास्त, रंग फिका, माप लहान. पकडलेला गोल्डन नर सरासरी दोन किलोच्या आसपास भरतो. लाल त्याहून चांगलाच जड. अमेरिकी बाजारात पायांची प्रतवारी दहा पौंडांत किती पाय-नांग्या बसतात यावर होते. ‘९–१२’ म्हणजे राक्षसी माप, ‘१६–२०’ मध्यम. गोल्डनचा बहुतेक माल १६–२० आणि त्याहून बारीक मापात जातो. चव मात्र कमी प्रतीची नाही. लालची चव जास्त गोड आणि ठसठशीत, गोल्डनची सौम्य. मसाल्यात घालायचा असेल तर लालसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आता धरतात कसा ते सविस्तर, कारण गोल्डनची मासेमारी लालसारखी करायला गेलं की सापळे गमावले जातात.

लाल किंग क्रॅबसाठी एक सापळा, एक दोर, वर एक बोया, अशी सुटी मांडणी असते. आपल्या खाडीतल्या फगाचाच (खेकडे धरायच्या जाळीचाच) तो भीमकाय भाऊ म्हणा. अल्यूशियनच्या खिंडीत हे चालत नाही. तीनशे मीटर दोराला प्रवाह असा ओढतो की बोया पाण्याखाली जातो आणि तासन् तास वर येत नाही. तळ कड्यासारखा उतरता असेल तर सुटा सापळा घरंगळतो आणि दोर संपेल इतक्या खोल जातो. म्हणून इथे सापळे माळेत ओवतात. तळावर एक जाड दोर, त्यावर दीड-दोनशे मीटर अंतराने सापळे, एका माळेत तीस-चाळीस, आणि टोकांना वर येणारे दोर व बोये. एका टोकाचा बोया हरवला तरी दुसऱ्या टोकाने माळ उचलता येते. दोन्ही गेले तर गळ-नांगर ओढत तळावरचा दोर अडकवून काढता येतो. सुट्या सापळ्याच्या बाबतीत ती सोयच नसते. या पट्ट्यात गोल्डनसाठी माळेची पद्धत नियमानेच ठरवून दिली आहे.

माळ टाकताना समोच्च रेषेच्या, म्हणजे समान खोलीच्या रेषेच्या बाजूने टाकतात, उताराला आडवी. उताराच्या दिशेने टाकली तर पहिला सापळा २५० मीटरवर आणि शेवटचा ६०० वर जाऊन बसतो. मधले चार खेकड्यांच्या पट्ट्यात, बाकी वाया. शिवाय उचलताना सगळा भार एकाच दिशेने येऊन दोर खडकावर घासतो.

सापळा म्हणजे पोलादी सळ्यांची चौकट, त्यावर जाळी आणि आत शिरायला उतरते बोगदे. आमिष म्हणून हेरिंग किंवा कॉडचे तुकडे भोकांच्या डब्यात भरून टांगतात. डबा अशासाठी की उवांसारखे बारीक समुद्री किडे उघडं आमिष एका रात्रीत साफ करतात. खेकडा वासाच्या रेषेवर चालत प्रवाहाच्या उलट दिशेने सापळ्यापर्यंत येतो, पण बोगद्याचं तोंड जाळ्याच्या घडीने अर्धवट मिटलेलं असेल तर बाहेर गर्दी आणि आत रिकामं असा प्रकार होतो.

सापळ्याचे दोन भाग नीट समजून घेण्यासारखे आहेत. पहिला, सुटकेची वाट. नियमानुसार किमान साडेपाच इंच, म्हणजे १४ सेंटिमीटर आतल्या व्यासाची चार कडी असावी लागतात, किंवा एका उभ्या बाजूचा तिसरा हिस्सा नऊ इंची ताणलेल्या जाळीचा. माद्या आणि लहान नर त्यातून निघून जातात, पण त्यांना वेळ द्यावा लागतो. आमिष ताजं असेपर्यंत लहानही आत येत राहतात. ते संपलं की बाहेर पडायला लागतात. म्हणून सापळा दोन-तीन दिवसांत उचलण्याऐवजी दोन आठवड्यांच्या आसपास पडू देतात. २००५ मध्ये प्रत्येक बोटीचा वाटा ठरला, ‘आधी मारेल त्याचा मासा’ ही शर्यत संपली आणि असं थांबणं परवडू लागलं. एका सापळ्यातल्या योग्य मापाच्या नरांची संख्या वाढली, परत फेकायच्या खेकड्यांची घटली.

दुसरा भाग कुजणारा दोरा. सापळ्याच्या एका बाजूला किमान १८ इंचांची चीर ठेवून ती प्रक्रिया न केलेल्या शंभर टक्के सुती दोऱ्याने शिवतात. सापळा हरवला तर दोरा कुजतो, चीर उघडते आणि आतले सुटतात. इथे होणारी चूक अशी: घाईत कुणीतरी चीर नायलॉनच्या तुकड्याने शिवतो, किंवा सुती दोऱ्याला दुहेरी-तिहेरी वेढे देतो. मग हरवलेला सापळा मरणाऱ्या खेकड्यांचंच आमिष करून पुढचे खेकडे धरत राहतो. खोल, थंड पाण्यात असा सापळा फार काळ ‘चालू’ राहतो.

वर आल्यावर काय? ३०० मीटरवरून ओढलेल्या माशाचं पोट तोंडातून बाहेर येतं, कारण त्याच्या आत हवेची पिशवी असते. खेकड्यात हवाच नाही, त्यामुळे नुसत्या दाबाच्या फरकाने त्याला काही होत नाही. त्याला मारतात ते बाकीचे घटक: चार अंशांतून एकदम उन्हाळी पाण्यात येणं, डेकवर वारा आणि कोरडे कल्ले, हिवाळ्यात गोठणारे डोळे-सांधे, आणि सर्वांत जास्त म्हणजे आपटणं. फक्त नर ठेवायचे आणि तेही काट्यांसकट रुंदी सहा इंच, म्हणजे १५२ मिलिमीटर भरली तरच. बाकी सगळे परत समुद्रात. परत सोडलेल्यांपैकी वीस टक्के मरतात असं समुद्रातल्या खेकड्यांच्या साठ्याच्या हिशेबात धरलं जातं. मापाची पट्टी लावताना खेकडा एका पायाने लोंबकळत धरला तर तो पाय सांध्यातून सोडून देतो. पाय गेलेला नर बाजारात खालच्या प्रतीचा. अंगाखाली हात घालून, पायांच्या मुळाशी धरायचं आणि सरळ घसरणीवरून पाण्यात सोडायचं.

ठेवलेले खेकडे बोटीच्या पोटातल्या टाक्यांत सतत ताजं समुद्राचं पाणी खेळवून जिवंत आणतात. यात दोन गोष्टी बिघडतात. पंप बंद पडला तर काही तासांत प्राणवायू संपतो. दुसरं जरा फसवं आहे: बंदरात शिरल्यावर नदी-ओढ्याचं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, आणि पंपाने तेच वरचं पाणी ओढलं तर टाकीतले खेकडे धक्क्याला लागता लागता मरतात. मेलेला खेकडा शिजवत नाहीत. त्याच्या पाचकग्रंथीतले विकर स्वतःच्याच मांसाला पचवायला लागतात; मांस पिठूळ, राखाडी होतं आणि सांध्यांवर काळं पडतं. आपल्याकडेही ‘मेलेली चिंबोरी घेऊ नका’ म्हणतात ते याच कारणाने.

डच हार्बरसारख्या बंदरातल्या कारखान्यात पाठ काढताना कधीकधी दोन विचित्र पाहुणे निघतात. एक म्हणजे कल्ल्यांच्या पोकळीत माशाच्या अंड्यांचा घट्ट गोळा. केरप्रोक्टस नावाचा मऊ, बेडकासारख्या अंगाचा मासा खेकड्याच्या कवचाच्या फटीतून नळी घालून आत अंडी सोडतो. खेकडा कल्ल्यांवरून जे पाणी खेळवतो त्यावर माशाची पिल्लं फुकट पोसली जातात. गोळा मोठा असेल त्या बाजूचे कल्ले चेपून काळे पडलेले दिसतात. दुसरा पाहुणा पोटाच्या झाकणाखाली: पिवळसर, सॉसेजसारखी गुळगुळीत पिशवी, जी नवख्याला अंड्यांचा पुंजका वाटते. ती ब्रायारोसॅकस ऑराटम. बार्नकलच्या कुळातला हा परजीवी खेकड्याच्या अंगभर मुळं पसरवतो आणि त्याला वांझ करतो. बाधित नराचं पोट मादीसारखं रुंद होतं आणि तो त्या पिशवीची अंड्यांसारखी निगा राखू लागतो. गोल्डनमधला परजीवी लाल-निळ्यातल्यापेक्षा वेगळ्या जातीचा आहे हे २०१६ मध्ये स्पष्ट झालं. दोन्ही गोष्टी पाठ आणि पोटाबरोबर कारखान्यातच निघून जातात. तुमच्या खोक्यात त्या येणार नाहीत.

साठ्याबद्दल थोडंच. लाल किंग क्रॅबचा साठा १९८० नंतर कोसळला तेव्हा बोटी गोल्डनकडे वळल्या. अल्यूशियनमधली खरी मासेमारी १९८१–८२ पासूनची. १९८६–८७ मध्ये पकड १ कोटी ४७ लाख पौंडांवर गेली आणि मग उतरली. १९९६ पासून हा प्रदेश अटका बेटाजवळच्या १७४ अंश पश्चिम रेखांशाने दोन भागांत धरतात आणि दोन्हींचा कोटा वेगळा. अडचण अशी की लालची मोजणी दरवर्षी तळावर जाळं ओढून होते. इथल्या खडकांवर जाळं फाटतं. त्यामुळे साठ्याचा अंदाज मुख्यतः मासेमारीतल्याच आकड्यांवर उभा आहे: एका सापळ्यात किती मिळाले, किती दिवसांनी, किती खोलीवर. पूर्व भागात २०१५ पासून बोटवाल्यांच्या मदतीने सापळ्यांची वेगळी पाहणी सुरू झाली. खेकड्याचं वयही कळत नाही. माशाच्या कानातल्या खड्यावर वर्षं मोजता येतात; खेकडा कात टाकताना जठरातल्या दातांसकट सगळं टाकून देतो. तरी एवढं खरं की अलास्काच्या ब्रिस्टल उपसागरातला लाल किंग क्रॅब २०२१ आणि २०२२ असे सलग दोन हंगाम बंद राहिला, तेव्हा गोल्डन चालू होता. आणि मार्च २०२२ मध्ये अमेरिकेने रशियन समुद्री मालाची आयात थांबवल्यापासून तिथल्या दुकानांतला ओखोत्स्कचा गोल्डनही गेला. त्यामुळे पाकिटावर मूळ देश वाचत जा. चिली-अर्जेंटिनाचा किंग क्रॅब म्हणजे सेंटोया, दक्षिणेतला वेगळा प्राणी. वाईट नाही, पण गोल्डनच्या भावात लहान सेंटोया गळ्यात पडू नये.

भारतात? कुळ आहे, मासेमारी नाही. ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजाने खोलातून वर आणलेल्या नमुन्यांवरून ॲलकॉक आणि अँडरसन या प्राणिशास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये याच कुळातल्या पॅरालोमिस इंडिकाचं वर्णन केलं. सातपाटी किंवा मालवणच्या बाजारात कुणी ‘किंग क्रॅब’ म्हणून काही दाखवलं तर ती मोठी चिंबोरी असणार.

आता स्वयंपाकघर. हातात आलेला माल कच्चा नाही, हे पहिलं. कारखान्यात खेकडा जिवंत फोडून, कल्ले काढून, उकळत्या पाण्यात शिजवलेला असतो. नंतर तो संपृक्त मिठाच्या पाण्यात गोठवतात. असं पाणी उणे वीस अंशांपर्यंत द्रव राहतं, त्यामुळे पाय चटकन गोठतात, पण मीठही आत जातं. वरून गोड्या पाण्याचा बर्फाचा थर असतो. तो नसेल किंवा पांढरे कोरडे डाग दिसत असतील तर माल जुना किंवा मध्ये वितळून परत गोठलेला. वजन करताना तो बर्फ वजा धरायचा.

वितळवायचं फ्रिजमध्ये, जाळीवर, खाली ताट ठेवून, रात्रभर. नळाखाली सोडलं तर गोडवा वाहून जातो. मायक्रोवेव्हमध्ये कडा चिवट होतात. काटे जाड फडक्याने धरा. पायाची खालची बाजू तुलनेने मऊ असते, तिथून कात्रीने उभी चीर द्यायची. वरून हातोडीने ठोकलं तर काट्यांचे कण मांसात जातात. आधी सांध्यावर उलटं वाकवून मोडा आणि हळू ओढा, म्हणजे आतली पातळ पारदर्शक पट्टी मांसाबरोबर निघून येते. नुसतं खायचं असेल तर सहा-सात मिनिटं वाफ पुरे. भरलेल्या पायांतून एकूण वजनाच्या निम्म्याच्या आसपास मांस निघतं, पोकळ असतील तर बरंच कमी; चार माणसांना दीड किलो धरा.

कालवणात सगळे एकच चूक करतात: चिंबोरीसारखं करायला जातात. चिंबोरीच्या बारीक नांग्या कच्च्या वाटून, गाळून तो रस रश्श्यात घातला की रस्सा दाट होतो, कारण कच्च्या रसातली प्रथिनं उष्णतेने गोठतात. इथे ती कारखान्यातच गोठून गेलेली आहेत. शिजलेले पाय वाटून घातले तर रस्सा दाट होत नाही, रेती पडल्यासारखा होतो. आणि लाखही (मादीतली केशरी गाभोळी) नाही, कारण माद्या ठेवतच नाहीत आणि पाठ अलास्कातच राहिली.

मग असं करा. मांस आधी काढून फ्रिजमध्ये झाकून ठेवा. सव्वा-दीड किलो पायांची कवचं ठेचून, चमचाभर तेलावर पाच मिनिटं वास सुटेपर्यंत परता. सव्वा लिटर पाणी घालून मंद आचेवर वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. जास्त उकळलं की चुनखडीसारखी चव उतरते. बारीक कापडातून गाळा, साध्या चाळणीतून काटे येतात. अर्ध्या नारळाचं आणि दोन कांद्यांचं भाजकं वाटण, दोन चमचे मालवणी मसाला, चार-पाच आमसुलं या पाण्यात उकळू द्या. दाटपणा वाटणातूनच आणायचा. हवं तर चमचाभर तांदळाचं पीठ भाजून लावा. मीठ आत्ता अजिबात घालू नका. रस्सा तयार झाला की गॅस बारीक करून मांसाचे मोठे तुकडे सोडा, दोन मिनिटं, आणि बंद. मांसाबरोबर त्याचं मीठ रश्श्यात उतरतं. ते उतरल्यावर चाखा आणि मगच मिठाच्या डब्याला हात लावा.

पोकळ निघालेले पाय फेकू नका. त्यांची कवचं याच पाण्यात जातात, आणि भरलेल्या पायांइतकाच वास देतात.